'आमची निम्मी विक्री शाश्वत' म्हणजे नक्की काय? केमिकल कंपनीचा माल कसा तोलतात

केमिकल कंपन्यांच्या वार्षिक अहवालात हल्ली एक आकडा हमखास सापडतो. आमच्या विक्रीपैकी इतके टक्के विक्री सस्टेनेबल प्रॉडक्ट्सची आहे आणि 2030 पर्यंत ती निम्म्याच्या वर नेणार. जर्मनीची बीएएसएफ असं म्हणते, इव्होनिकही म्हणते, आणि आता आपल्याकडच्या कंपन्यांच्या प्रेझेंटेशनमध्येही अशा स्लाइड्स यायला लागल्यात. वाचणाऱ्याला वाटतं, चला, अर्धी कंपनी तरी सुधारली. पण हा आकडा निघतो कसा, काढतं कोण, आणि त्यात काय धरलंय न् काय सोडलंय हे बघितल्याशिवाय त्याला काडीचा अर्थ नाही, म्हणून हा लेख.

आधी एक घोळ मिटवू. कारखाना किती वीज खातो, किती सांडपाणी सोडतो, चिमणीतून काय बाहेर पडतं हा कारखान्याचा हिशोब झाला. पोर्टफोलिओचा, म्हणजे कंपनी विकते त्या सगळ्या मालाचा प्रश्न वेगळा आहे, गेटमधून जो माल ट्रकमध्ये भरून बाहेर जातो तो पुढे जगात काय करतो? सगळा प्लांट सोलरवर चालवून, पाण्याचा थेंबन् थेंब रिसायकल करूनही तुम्ही असं काही बनवत असाल जे दहा वर्षांत कुठल्याच देशात विकता येणार नाही. आणि उलटंही असतं, प्लांट धुरकट, कोळशावर चालणारा, पण माल जातो घरं उबदार ठेवणाऱ्या खिडक्यांच्या काचेत.

आता खरी गोम. 'हे केमिकल चांगलं की वाईट' असा प्रश्न या कामात विचारतच नाहीत, कारण त्याला उत्तरच नसतं. विचारतात असं, हे केमिकल, या वापरासाठी, या बाजारात कसं आहे? प्रॉडक्ट अधिक वापर अधिक प्रदेश, अशी एक जोडी म्हणजे एक ओळ, आणि अशा ओळी मोठ्या कंपनीत हजारांनी असतात. बीएएसएफने तपासलेल्या जोड्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती, यावरून कामाचा आवाका कळेल.

उदाहरण म्हणून एनएमपी घ्या. पूर्ण नाव एन-मिथाइल पायरोलिडोन, पाण्यासारखं दिसणारं सॉल्व्हंट, दोनशे अंशांच्या आसपास उकळतं, भल्याभल्या प्लास्टिकला विरघळवतं. पोटातल्या बाळाला घातक म्हणून युरोपात त्याची नोंद अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे, आणि मे 2020 पासून तिथे कामगाराच्या श्वासात किती जावं यावर कायद्याची मर्यादा आहे. आता हेच एनएमपी दोन ठिकाणी जातं असं धरा. एक, जुना रंग खरवडायच्या द्रावणात. बंद खोलीत एक माणूस ब्रश घेऊन फर्निचरवर ते लावतोय, खिडकी अर्धी उघडी, हातमोजे असले तर असले, आणि वापरलेलं सगळं हवेत नाहीतर चिंधीत. दोन, लिथियम बॅटरीच्या कारखान्यात. तिथे कॅथोडची, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाची पूड पीव्हीडीएफ नावाच्या चिकट पॉलिमरबरोबर एनएमपीत कालवतात, तो लगदा अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पातळ पसरवून लांबलचक ओव्हनमधून नेतात, एनएमपी उडतं आणि बंद यंत्रणेत जवळजवळ सगळं परत पकडून पुन्हा वापरतात. माल तोच, एसडीएस (धोके आणि काळजी सांगणारी सुरक्षा-पत्रिका) तीच, ड्रमही तोच. पहिल्या ओळीपुढे लाल शेरा, दुसऱ्या ओळीपुढे काय लिहाल?

इथेच मीटिंग तापते. सेल्सवाले म्हणणार बॅटरी म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, म्हणजे हिरवा शेरा, विषय संपला. रेग्युलेटरीवाले म्हणणार गाडी कितीही चांगली असू दे, पदार्थ यादीत आहे तर आहे. आर अँड डी म्हणणार की कोरड्या पद्धतीने, सॉल्व्हंटशिवाय इलेक्ट्रोड बनवायचं काम जोरात चाललंय, ते जमलं की या ओळीचं गिऱ्हाईकच जाईल. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण मला विचाराल तर तिसऱ्याचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ही सगळी कसरत मुळात आज माल किती छान आहे हे सांगण्यासाठी नाहीये, पाच-दहा वर्षांनी कुठला धंदा पायाखालून सरकणार आहे हे आधी कळावं म्हणून आहे. आणि हो, त्या लगद्यातलं पीव्हीडीएफसुद्धा फ्लोरिनवालं, म्हणजे पीफास कुटुंबातलं, निसर्गात सहजी न विरणाऱ्या फ्लोरिनच्या रसायनांपैकी. जानेवारी 2023 मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी पीफासचं अख्खं कुटुंबच आवळायचा प्रस्ताव मांडला, त्यामुळे त्या 'हिरव्या' ओळीतले दोन्ही मुख्य खेळाडू संशयाच्या फेऱ्यात आहेत.

मग मोजायचं कसं? बेल्जियमच्या सॉल्वेने 2009 च्या सुमारास एक पद्धत बसवली, ती समजली की बाकीच्या कंपन्यांचं निम्मं कळतं. दोन अक्ष आहेत. उभ्या अक्षावर माल बनवताना झालेलं नुकसान. खाणीतून किंवा तेलविहिरीतून कच्चा माल निघाल्यापासून तयार माल कारखान्याच्या गेटपर्यंत येईतोवर हवा, पाणी, हवामान यांची जी हानी होते तिला पैशात बदलायचं आणि मालाच्या विक्रीच्या किमतीशी ताडून बघायचं. समजा किलोला 100 रुपयाने विकता आणि नुकसान निघालं 8 रुपये, तर ठीक चाललंय. नुकसान 70 रुपये निघालं तर उद्या कार्बन टॅक्स लागला, पाणी महागलं की तुमचा नफा कुठे जाईल ते दिसतंच आहे. आडव्या अक्षावर बाजार. या वापरात हा माल गिऱ्हाइकाची ऊर्जा, पाणी, विषारीपणा यातली काही अडचण सोडवतो की नवी अडचण उभी करतो, कायद्याचा रोख कुठे आहे, मोठे खरेदीदार कुठल्या पदार्थांना नाही म्हणायला लागलेत, अशी लांबलचक प्रश्नावली असते. दोन्ही जुळवलं की ओळ एका खणात पडते, सगळ्यात वर स्टार, सगळ्यात खाली चॅलेंज्ड.

हुशार पद्धत आहे, पण नुकसान भागिले किंमत हे गणित नीट बघा. महाग स्पेशालिटी केमिकल, किलोला पाच हजार रुपये, त्याचं नुकसान दोनशे रुपये असलं तरी गुणोत्तर देखणं. आणि सोडा अॅश, म्हणजे काच आणि डिटर्जंटमध्ये जाणारा सोडा, जो सॉल्वे 1860 च्या दशकापासून बनवतेय, तो किलोमागे नुकसान कमी करूनही वाईट दिसणार कारण त्याची किंमतच कवडीमोल. म्हणजे फटका आधी बसतो तो स्वस्त माल बनवणाऱ्याला. कंपनीच्या बाजूने बघितलं तर हे चूक नाही, कारण त्यांना स्वतःचा धोका मोजायचाय, आणि स्वस्त मालात धक्का सोसायला जागा नसते ही गोष्ट खरीच. पण तोच आकडा पर्यावरणाचा निकाल म्हणून अहवालात छापला की गडबड होते.

बीएएसएफने गुणोत्तराऐवजी खणांवर भर दिला. आधी चार खण होते, अॅक्सेलरेटर, परफॉर्मर, ट्रान्झिशनर, चॅलेंज्ड. 2023 मध्ये निकष कडक करून पाच केले, पायोनियर, काँट्रिब्युटर, स्टँडर्ड, मॉनिटर्ड आणि चॅलेंज्ड. एक नियम मला मनापासून आवडतो, चॅलेंज्ड ठरलेला माल जास्तीत जास्त पाच वर्षांत बंद करायचा. बाकी कितीही रंगरंगोटी करा, ही अट नसेल तर सगळी यादी नुसती शोभेची.

पण याच बीएएसएफचं उद्दिष्ट बघा. 2025 पर्यंत अॅक्सेलरेटर मालाची विक्री 22 अब्ज युरोपर्यंत न्यायची असं ठरवलं होतं, आणि ते 2021 मध्येच, चार वर्षं आधी, गाठलं. वा! पण 2021 म्हणजे कुठलं वर्ष? कोविडनंतर केमिकलचे भाव आकाशाला भिडलेलं वर्ष. कंपनीची एकूण विक्री 2020 मध्ये सुमारे 59 अब्ज युरो होती ती एका वर्षात साडेअठ्ठ्याहत्तर अब्जांवर गेली, आणि या वाढीत सिंहाचा वाटा भाववाढीचा. उद्दिष्ट युरोत लावलं की महागाईसुद्धा तुम्हाला शाश्वत करून सोडते. नव्या पद्धतीत त्यांनी टक्केवारी धरली, ते जास्त प्रामाणिक आहे. तरी तिथेही एक शब्द डोळ्यांत तेल घालून वाचायचा, 'संबंधित विक्री'. टक्केवारी एकूण विक्रीची नसते, ज्या विक्रीचं मूल्यमापन करायचं ठरवलंय तिची असते, आणि ट्रेडिंगचा माल, विकायला काढलेले धंदे वगैरे त्या छेदाबाहेर असू शकतात. छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो, हे आपण चौथीत शिकलोय.

प्रत्येक कंपनीने आपापलं शास्त्र काढलं तर तुलना कशी करायची, म्हणून जिनिव्हाच्या डब्ल्यूबीसीएसडी या उद्योगांच्या संघटनेने 2018 मध्ये केमिकल कंपन्यांना बरोबर घेऊन एक सामायिक पद्धत छापली आणि 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती काढली. पायऱ्या ढोबळमानाने त्याच, कुठल्या ओळी तपासायच्या ते ठरवा, इशाऱ्याच्या खुणा शोधा, तुलनेला पर्याय निवडा, शेरा द्या, पुरावा जपून ठेवा. खणांची नावं मात्र ज्याची त्याची, त्यामुळे इव्होनिकचा 'ड्रायव्हर' आणि बीएएसएफचा 'काँट्रिब्युटर' शेजारी ठेवून कोण सरस हे आजही सांगता येत नाही.

यातल्या 'तुलनेला पर्याय' या पायरीवर थांबूया, कारण सगळा खेळ तिथे आहे. मूल्यमापन कायम सापेक्ष असतं, या वापरात आज बाजारात जे चालतं त्यापेक्षा बरं की वाईट. डिझेल कमी जाळणारं अॅडिटिव्ह दुसऱ्या अॅडिटिव्हपेक्षा बरं म्हणून हिरवं होऊ शकतं, डिझेलच नको हा पर्याय त्या रकान्यात येतच नाही. तुलनेला कुणाला उभं केलंय ते सांगा, निकाल मी आधीच सांगतो.

पर्यायावरून युरोपात एक खटला झाला तो सांगण्यासारखा आहे. शिशाचा पिवळा रंग, पिगमेंट यलो 34, आणि त्याचा लाल भाऊ पिगमेंट रेड 104. रंग झळझळीत, उन्हात टिकतो, स्वस्त, एका हातात पृष्ठभाग झाकतो, आणि त्यात शिसंही आहे न् क्रोमियमही, म्हणजे दुहेरी विष. युरोपात मे 2015 नंतर खास परवानगीशिवाय हे वापरायला बंदी. एका उत्पादकाने परवानगी मागितली, मशिनरीचे रंग, रस्त्यावरचे पट्टे अशा वापरांसाठी, आणि युरोपियन कमिशनने 2016 मध्ये दिली, कारण तितकाच चांगला पर्याय नाही. स्वीडन चिडलं. त्यांचं म्हणणं, आम्ही रस्त्यांचे पिवळे पट्टे कितीतरी वर्षं शिशाशिवाय रंगवतोय, मग पर्याय नाही कसा? ते कोर्टात गेले आणि मार्च 2019 मध्ये जिंकले, 2021 मध्ये वरच्या कोर्टातही तेच. पर्याय खरंच नाहीत याची कमिशनने पुरेशी खातरजमा केली नाही, असा ठपका बसला. पर्याय थोडा महाग, थोडा फिका असेल, पण म्हणून 'पर्यायच नाही' असं होत नाही. आता हाच पिवळा आपल्याकडे बघा. 2016 च्या नियमाप्रमाणे नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 90 भागांच्या वर चालत नाही. इंडस्ट्रियल रंग मात्र त्या नियमाबाहेर. म्हणजे एकाच पिगमेंटच्या तीन ओळी झाल्या, युरोपात दार बंद, भारतात भिंतीवर बेकायदा, भारतात यंत्रावर कायदेशीर. तिसऱ्या ओळीपुढे कुठला शेरा लिहायचा? कायदा चालू देतो म्हणून 'स्टँडर्ड', की वारा कुठे वाहतोय ते कळतंय म्हणून 'चॅलेंज्ड'? माझं मत विचाराल तर जी कंपनी एका पदार्थाला ब्रुसेल्समध्ये लाल आणि भारतात पांढरा शेरा देते तिची पद्धत कागदावर बरोबर असते, आणि तरी ती मला पटत नाही.

दुसरा वाद जुना आहे, पदार्थ मुळात किती घातक आणि तो माणसापर्यंत किती पोहोचतो यातलं आधी काय बघायचं. कंपन्यांना दुसरं आवडतं, कारण 'आम्ही बंद यंत्रणेत वापरतो' असं म्हणता येतं. युरोपियन कमिशनने डिसेंबर 2022 मध्ये सुरक्षित आणि शाश्वत डिझाइनची जी चौकट सुचवली त्यात पहिली पायरी पदार्थाच्या अंगभूत घातकपणाची आहे, वापर-बिपर नंतर. नवा रेणू कागदावर असतानाच ही चाळणी लावा असं त्यांचं म्हणणं. माझा कल इकडेच आहे, कारण बंद यंत्रणा दर शिफ्टला उघडते, साफसफाईला, गॅस्केट बदलायला, सँपल काढायला, आणि उघडणारा माणूस बहुतेक वेळा कंत्राटी असतो.

तपासतं कोण? कंपनीच. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा, फार तर ऑडिटर येऊन एवढंच बघतो की जी पद्धत सांगितली ती पाळली का. म्हणून पद्धत चांगली असणं आणि कंपनी चांगली असणं या दोन गोष्टी एकमेकींच्या गळ्यात बांधू नयेत. ज्या सॉल्वेची पद्धत वर एवढी समजावली तिच्याच अमेरिकन कंपनीला न्यू जर्सीत पीफासच्या प्रदूषणावरून जून 2023 मध्ये सुमारे 39 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. पुढे डिसेंबर 2023 मध्ये सॉल्वे दोन कंपन्यांत फुटली, स्पेशालिटी पॉलिमर सायेन्स्को या नव्या नावाखाली गेले आणि सोडा अॅश वगैरे जुन्या सॉल्वेकडे राहिले. जुने आणि नवे टक्के आता एकमेकांशी ताडताही येत नाहीत, आणि यात लबाडी काहीच नाही, धंदा विभागला की आकडे विभागतात.

आपल्याकडे ही गोष्ट पोहोचते ती गिऱ्हाइकाच्या ईमेलमधून. तळोजा, महाड, कुरकुंभ, बोईसर, कुठल्याही एमआयडीसीत निर्यात करणारं मध्यम युनिट घ्या. युरोपियन खरेदीदार एक एक्सेल पाठवतो, तुमच्या मालात यादीतले पदार्थ आहेत का, किलोमागे कार्बन किती, वीज कुठली, सॉल्व्हंट किती टक्के परत मिळवता. यामागे बऱ्याचदा टुगेदर फॉर सस्टेनेबिलिटी नावाची जुळणी असते, 2011 मध्ये बीएएसएफ, बायर, इव्होनिक, हेंकेल, लँक्सेस आणि सॉल्वे यांनी सुरू केलेली, पुरवठादारांना प्रत्येकाने वेगवेगळं छळू नये म्हणून. युनिटमध्ये मग अकाउंट्सकडून विजेची बिलं, स्टोअरकडून सॉल्व्हंटचे इंडेंट आणि बॉयलरवाल्याकडून कोळशाच्या चिठ्ठ्या गोळा होतात, एका प्लांटमध्ये सात प्रॉडक्ट एकाच रिअॅक्टरमधून आळीपाळीने निघत असतील तर वाफ कुणाच्या खात्यावर किती टाकायची यावर दोन दिवस डोकेफोड होते, आणि शेवटी वजनाच्या प्रमाणात वाटून मोकळे होतात. ज्या प्रॉडक्टला तीन दिवस उकळायला लागतं आणि ज्याला सहा तास, दोघांना किलोमागे सारखाच कार्बन. हाच आकडा पुढे लुडविग्सहाफेनच्या, म्हणजे बीएएसएफच्या मुख्यालयातल्या कुठल्यातरी ओळीत जाऊन बसतो. त्यामुळे दशांशानंतर दोन आकडे दिसले की फार भारावून जाऊ नका.

कायद्याचं म्हणाल तर सेबीने 2022-23 या वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे धंद्याची जबाबदारी आणि शाश्वतता मांडणारा अहवाल सक्तीचा केलाय. यातल्या कुठल्याही केमिकल कंपनीचा हा अहवाल नेटवर फुकट मिळतो, उघडा आणि थेट तत्त्व 2 वर, म्हणजे मालाच्या शाश्वततेच्या भागावर जा. तिथे एक प्रश्न असतो, तुमच्या कुठल्या मालाचं लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे कच्च्या मालापासून शेवटपर्यंतच्या परिणामांचं मोजमाप केलंय का, केलं असेल तर तो माल उलाढालीच्या किती टक्के, बाहेरच्या संस्थेने केलं का, निकाल जाहीर आहे का. प्रश्न झकास आहे. फक्त तो 'लीडरशिप' गटात आहे, म्हणजे ऐच्छिक. उत्तर कोरं असलं तर तोही एक शेराच समजा.

आणि एक रकाना मला कुठल्याच पद्धतीत नीट सापडत नाही, यादीतून काढलेला माल गेला कुठे? बंद करणं आणि विकून टाकणं याने टक्केवारी सारखीच सुधारते. अमेरिकेच्या 3एम कंपनीने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलं की 2025 अखेरपर्यंत पीफास बनवणं थांबवणार, हे झालं बंद करणं. इटलीत विचेंझाजवळ त्रिसिनो गावात मितेनी नावाचा कारखाना अनेक दशकं पीफास बनवत होता, भूजलात ते इतकं उतरलं की सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला, 2018 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि जून 2025 मध्ये तिथल्या कोर्टाने 11 माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. कारखान्याची मशिनरी मात्र 2019 मध्ये लिलावात गेली, एका भारतीय कंपनीने ती प्रक्रियेच्या पेटंटसकट घेतली, सुटी करून जहाजाने आणली आणि रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या लोटे परशुरामला नेली. युरोपच्या हिशोबात ती ओळ खोडली गेली. इकडच्या हिशोबात ती यायची तर बीआरएसआरच्या तत्त्व 2 मध्ये येईल, त्याच ऐच्छिक प्रश्नाखाली.